पत्र्यावरचे दगड

“दिपा, तुझ्या आज्याला सांग, याडीला उचलून बाहेर या म्हणावं! दिपा, सांग ना गं!”

मी रस्त्यावर उभी राहून ओरडत होते आणि दिपा माझ्या कमरेला मिठी मारून थरथरत होती. माझ्या दोन्ही हातांना पीठ, भाकरी तव्यावर तशीच. जमीन नुकतीच गुरगुरून गप्प झाली होती. माझे सासरे किसनसिंग दारापासून चार हातांवर, घरात होते. माझं ओरडणं त्यांना स्वच्छ ऐकू जात होतं. पण दिपाने ते पुन्हा म्हटल्याशिवाय ते उत्तर देणार नव्हते, आणि नऊ वर्षांच्या त्या लेकराची दातखीळ बसली होती.

आमच्यात सून सासऱ्याशी तोंडाला तोंड देऊन बोलत नाही. डोक्यावरचा पदर पुढे ओढायचा आणि निरोप धाडायचा. सासूकडून, पोरांकडून, कुणीच नसलं तर दारातल्या शेळीकडे बघून. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या साहेबाला मी फाडफाड उत्तरं देते, आणि घरी येऊन शेळीला विचारते, “चहा घ्यायचा का म्हणावं?” लग्न होऊन बारा वर्षं झाली, मी सासऱ्यांना एकदाही थेट हाक मारली नव्हती. आम्ही घरात गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलतो. इथे मराठीत सांगते आहे एवढंच. पण भीती कुठल्याही भाषेत सांगितली तरी तेवढीच लागते.

शेवटी मीच दारात धावले. आत बघितलं आणि माझ्या काळजाचं पाणी झालं.

माझी सासू, जिवनबाई, बाजेवर होती. तिला आम्ही याडी म्हणतो, म्हणजे आई. दिवाळीच्या आधी नाल्याच्या उतारावर पडून तिचा खुबा मोडला. डॉक्टरांनी आत सळई घातली, पण अजून तिला उभं राहता येत नाही. कूस बदलायची म्हटली तरी किंचाळते. तिच्यावर बा, म्हणजे माझे सासरे, ओणवे झाले होते. बाजेच्या दोन्ही काठांना हात, पाठ पत्र्याकडे. सत्तरी ओलांडलेला माणूस, छप्पर पडलं तर आपल्या पाठीवर पडावं म्हणून वाकून उभा होता. आणि त्या शांततेत वरून आवाज आला. खर्रर्र. थांबला. पुन्हा खर्रर्र.

वरचा दगड सरकत होता.

“गेलं का?” याडीने विचारलं.

“गेलं,” बा म्हणाले, आणि सावकाश ताठ झाले. माझ्याकडे न बघता दिपाला म्हणाले, “मायला सांग, भाकर जळून राहिली.”

आता हा दगड काय, ते सांगते. आमच्या तांड्यातल्या प्रत्येक घरावर पत्रे आहेत आणि प्रत्येक पत्र्यावर दगड आहेत. वैशाखात असं वारं सुटतं की पत्रा कागदासारखा उडतो. म्हणून नाल्यातले काळे, एकट्या माणसाला जेमतेम उचलतील असे दगड पत्र्यांच्या सांध्यावर ओळीने मांडलेले असतात. घरात डोक्यावर दगड नाही अशी जागा म्हणजे एक चुलीची, कारण तिथे धूर जायला पत्रा उचललेला आहे. आणि तांड्यातला एकूण एक दगड माझ्या सासऱ्यांनी ठेवलेला. पत्रे ठोकणं हा त्यांचा जन्मभराचा धंदा. कुणाचं घर झालं की शेवटचा दगड किसनसिंगने ठेवायचा, खाली नारळ फोडायचा, गूळ वाटायचा, मग घरधन्याने आत चूल पेटवायची. रीतच पडली. दगड ठेवल्याशिवाय घराला घर म्हणायचं नाही.

तांडा म्हणजे वसमतच्या बायपासला लागून असलेली आमची वस्ती. बांच्या पणज्याची लदेणी, म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ नि धान्य लादून मुलूखभर फिरणारा काफिला, इथल्या नाल्यावर पाणी पिऊन पुढे जायची. मग आगगाडी आली, बैलांवरचं मीठ कुणाला नको झालं, आणि पाण्याला थांबलेला तांडा पुढे गेलाच नाही. आधी गवताची पालं होती, मग कुडाच्या भिंती, मग मातीच्या भिंतींवर पत्रे. आम्ही शहरात गेलो नाही, शहरच चालत आमच्याकडे आलं. अलीकडच्या शेतात खुंट्या ठोकल्या, प्लॉट पडले, दोन-दोन मजली घरं उठली आणि तांड्याकडे येणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी कमान लागली, ‘शिवनगर’. पत्ता विचारला तर प्लॉटवाले सांगतात, तांड्याच्या अलीकडे. आम्ही सांगतो, शिवनगरच्या मागे. नगरपालिकेचा नळ कमानीपाशी संपतो आणि ग्रामपंचायतीचा दिवा नाल्यापाशी. मधले आम्ही ना गावातले ना शहरातले. जमीन मात्र दोघांचीही सारखीच हलते, तिला कमान दिसत नाही.

ही गुरगुर काही आजची नाही. पाच-सहा वर्षं झाली. आधी आवाज येतो, लांबून मोठी गाडी यावी तसा, पण गाडी रस्त्यावरून येते आणि हा पायाखालून येतो. मग भांडी वाजतात. मग थांबतं. कधी महिनाभर काही नाही, कधी एका दिवसात दोनदा. आवाज झाला की प्लॉटवाले जिन्यांवरून आणि आम्ही पत्र्यांखालून एकाच रस्त्यावर येतो. कोपऱ्यावरचे किराणा दुकानवाले वैजनाथराव एकदा अर्ध्या गालाला साबणाचा फेस घेऊन माझ्या शेजारी उभे होते. एरवी सुट्टे पैसे देतानाही वर न बघणारा माणूस, “ताई, लेकरं आली ना सगळी बाहेर?” असं विचारत होता. आमच्या ओळखी अशा भूकंपाने करून दिल्या.

पण त्या सकाळी दगड सरकल्यापासून माझी भीती निराळी झाली. आधी मी जमिनीला भ्यायचे. आता वर बघून भ्यायला लागले. आंघोळीला बसले की कडी लावायची नाही आणि दोन तांब्यांत उरकायचं, उघडं असताना गाठलं तर काय घ्या. जेवताना ताट हातात घेऊन दाराशी उभं राहायचं. बायपासवरून ट्रक गेला तरी माझा हात दिपाच्या मनगटाकडे जायचा. आणि सारखं डोळ्यांपुढे एकच. याडीच्या बाजेवरचा तो पत्रा आणि त्याच्यावरचा तो दगड. बरोबर तिच्या छातीच्या वर. बाज हलवायची तर हलवून कुठे नेणार? एका खोलीचं घर, दगड सगळीकडे.

“याडी, बाज लिंबाखाली घेऊ,” मी तिच्या पाया पडून सांगितलं. “चार दिवस. जमीन थंड होईपर्यंत.”

“अन् हागाय-मुताय? साऱ्या तांड्याम्होरं करू? प्लॉटवाल्या बाया गच्चीवरून बघतील की.”

“चादर बांधते ना आडोश्याला.”

“मरन यायचं तर घरात यील. मला उघड्यावर टाकू नको, बाई.” मग माझा चेहरा बघून हसली. “तू भेतीस लई. माह्या अंगात लोखंड हाय आता. दगुड पडला तर दगुडच फुटंल.”

मला हसू आलं नाही. कुलदीपला फोन केला. कुलदीप माझा नवरा, हैदराबादला क्रेन चालवतो. तो म्हणाला, “घाबरू नको.” तिथे बसून घाबरू नको म्हणायला काय जातं? मी फोन ठेवून दिला.

दोन दिवसांनी भोंगा लावलेली रिक्षा आली. पत्र्यावर दगड ठेवले असतील त्यांनी ते तात्काळ काढून घ्यावेत, असं सांगत तांडाभर फिरली. आणि तो भोंगा नाल्याच्या वळणावर असतानाच पुन्हा जमीन गुरगुरली. जेमतेम एक घोट पाणी पिण्याएवढा वेळ. आम्ही रस्त्यावर आलो आणि थावराच्या घरातून धप्प असा आवाज आला. थावरा आमचा शेजारी, शेळ्या राखतो. आम्ही सगळे धावलो. पत्रा फाटून दगड आत पडला होता, पाळण्याची दोरी तोडून, पाळण्याच्या मधोमध. नातू थावराच्या बायकोच्या कडेवर होता, ती त्याला नुकतीच उचलून बाहेर आली होती. ती मटकन खाली बसली आणि लेकराचं डोकं चाचपत राहिली.

थावरा सरळ आमच्या दारात आला. मागे सगळा तांडा.

“किसनदादा, दगुड काढा. आजच काढा.”

बा ओट्यावर बसून होते. “न्हाई,” म्हणाले.

“न्हाई? माह्या नातवाचा पाळणा बघून या अन् मंग न्हाई म्हना!”

“बघितला. अन् मला तकलीफ न्हाई झाली असं वाटून राहिलं का तुला? पण दगुड काढल्यावर वारं काय तुह्या बापाचं नोकर हाय, पत्रे उचलू नको म्हनलं की उचलनार न्हाई? वैशाख हाय, थावरा. चार-आठ दिवसांत सुटंल. दगुड पडला तर एका घरात पडतो. पत्रा उडाला तर तो कोनाचं घर बघत न्हाई.”

थावराने मान खाली घातली. कारण बा काय बोलत होते ते तांड्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

बांना एक मुलगी होती, चंदा. कुलदीपच्या आधीची. तांड्यात पहिले पत्रे बांनीच आणले, आणि पहिले आपल्या घरावर चढवले. नुसते खिळे मारून. तेव्हा दगडाबिगडाची रीत नव्हती, नवा कोरा चकचकीत पत्रा, त्यावर दगड कोण ठेवतो? लोक लांबून बघायला यायचे. त्याच वैशाखात दुपारी वारं सुटलं. चंदा सात वर्षांची होती, बाहेर वाळत घातलेल्या कुरडया गोळा करत होती. घरावरचा पत्रा सुटला आणि तिच्यावर गेला. याडीने मला हे एकदाच सांगितलं, तेही माझं बाळंतपण झालं तेव्हा, दिपाला मांडीवर घेऊन. “इळ्यानं कापावं तसं,” म्हणाली, आणि पुढे बोलली नाही. तिला माती देऊन आल्यावर बा नाल्यात उतरले आणि दगड आणायला लागले. आपल्या घरावर ठेवले. मग दुसऱ्याच्या. मग कुणी न सांगता, ज्याच्या घरावर पत्रा चढेल त्याच्या घरावर. गूळ-नारळ लोकांनी मागाहून लावलं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. ह्यांनी सगळ्या तांड्याचं ताक फुंकलं.

म्हणजे बघा, इकडे आड तिकडे विहीर. दगड ठेवा तर जमीन मारते, काढा तर वारं मारतं. लोक पुटपुटत पांगले. कुणी स्वतःहून दगडाला हात लावला नाही. किसनसिंगने ठेवलेला दगड किसनसिंगनेच काढायचा, असं कुणी कधी ठरवलं नव्हतं, पण तसंच होतं. थावराने तेवढा फाटका पत्रा पोत्याने झाकला आणि बायका-पोरांना घेऊन लिंबाखाली बसला.

मी मात्र मनाशी ठरवलं. एकच दगड. याडीच्या छातीवरचा. बाकीचे राहू देत, त्यांचं वारं त्यांना लखलाभ.

बाजाराच्या दिवशी बा जवळा बाजारला शेळी बघायला म्हणून सकाळी निघाले. मी अंगणवाडीतून दुपारी घरी आले, दिपाला वैजनाथरावांच्या दुकानात साखर आणायला पाठवलं, थावराच्या भिंतीची शिडी ओढून आणली आणि पदर खोचला. पहिल्या पायरीवर पाय ठेवला तेव्हाच मला कसंतरी झालं. सासू खाली निजलेली असताना सुनेने तिच्या डोक्यावरून पाय टाकत वर चढायचं म्हणजे काय हो! माझ्या माहेरच्या आईने बघितलं असतं तर थोबाडीत मारली असती.

पत्रा तव्यासारखा तापला होता. मी गुडघ्यांखाली पोतं घेऊन रांगत गेले. पत्रा कर्र वाजला.

“कोन हाय?” खालून याडीचा आवाज आला. “मांजर हाय का?”

मी पुढे सरकले, पत्रा पुन्हा वाजला.

“लई मोठं मांजर दिसतं.”

दगडापाशी पोचले. जवळून बघितला तेव्हा कळलं, हा केवढा आहे. त्याच्या खालच्या अंगाला दोन लहान दगडांच्या पाचरा मारलेल्या होत्या. मला वाटलं, त्या आधी काढल्या की दगड मोकळा होईल. शहाणी ना मी! पहिली पाचर ओढली. दुसरी ओढायचीही गरज पडली नाही, तीच निसटली आणि टणटण करत पत्र्यावरून खाली गेली. आणि दगड हलला. माझ्याकडे.

मी खालच्या अंगाला होते. दोन्ही हात लावले, मग खांदा लावला, पाय पत्र्याच्या खिळ्यांना अडकवले. खर्रर्र. एक वीतभर आला आणि माझ्या खांद्यावर थांबला. माझ्या मागे पत्र्याचा उतार आणि उताराच्या टोकाला, बरोबर खाली, घराचं दार. सोडला तर मला घेऊन उंबऱ्यावर पडणार. धरून ठेवला तर किती वेळ धरणार? ओरडायला तोंड उघडलं तर श्वासच येईना.

“शितल?” याडीला आता कळलं होतं. “शितल, तूच हायस ना वर? काय करून राहिलीस गं?”

तेवढ्यात खाली दिपाच्या चपला वाजल्या. “आई, साखर आणली!” आणि त्याच वेळी जमिनीतून ती लांबची गाडी निघाली. आधी मला पत्र्यातून कळलं, गुडघ्यांना मुंग्या आल्यासारखं झालं. मग आवाज आला. सगळा पत्रा थरथर वाजायला लागला आणि दगड माझ्या खांद्यात रुतत गेला.

“दिपा, पळ! रस्त्यावर पळ!”

मीच तिला शिकवलं होतं, अंगणवाडीतल्या सगळ्या पोरांना शिकवलं होतं, गुरगुरलं की उघड्यावर पळायचं. मला ती दिसत नव्हती, फक्त पावलं ऐकू येत होती. पावलं रस्त्याकडे गेली नाहीत. दारात आली आणि आत गेली.

“याडी एकटी हाय!” ती आतून ओरडली.

आता खाली दोघी होत्या. दगड इकडे सोडला तर दारात, पत्रा फाटला तर त्यांच्यावर. देवाचं नाव घ्यायचं सोडून मला कुरडया आठवत होत्या. उन्हात वाळत घातलेल्या, मी कधी न बघितलेल्या कुरडया. जमीन थांबली तेही मला कळलं नाही.

आणि रस्त्याच्या वळणावर पांढरं धोतर आणि लाल पगडी दिसली. बाजारात मन लागलं नाही म्हणून बा अर्ध्यातूनच परतले होते. ते दिपाला हाक मारत येत होते. वर कुणी असेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. ते सरळ दाराकडे चालले होते, दगडाच्या वाटेत.

“बा!” मी ओरडले. “बा, थांबा! दगुड सुटला! बा, मला न्हाई धरवत!”

त्यांनी वर बघितलं. मी डोकं उघडं टाकून, पदर कमरेला खोचून, त्यांच्या बायकोच्या डोक्यावर बसले होते आणि त्यांना नावाने हाक मारल्यासारखी हाक मारत होते. त्यांनी हातातली पिशवी टाकली.

शिडीवरून ते कसे आले मला माहीत नाही. पत्रा वाजला आणि ते माझ्या बाजूला होते. बसले, पाठ दगडाला लावली, टाचा खिळ्यांत रोवल्या. खांद्यावरचं ओझं एकदम हलकं झालं.

“सोडू नको. अर्धा श्वास घे. घेतला?” ते माझ्याशी बोलत होते. मधे दिपा नव्हती, शेळी नव्हती. “आता डावा पाय सैल कर. तसाच. भिऊ नको.”

एका हाताने त्यांनी पगडी काढली. त्यांना उघड्या डोक्याने मी कधी बघितलं नव्हतं. आमच्यात म्हातारा माणूस मयतीलाच पगडी उतरवतो. टक्कल होतं, मधे जुन्या जखमेची खूण, आणि घाम. पगडीचा लांब पदर त्यांनी दगडाखालून घेतला, वर आढ्याच्या बल्लीच्या, म्हणजे लाकडी वाशाच्या, बाहेर आलेल्या टोकाला दोन वेढे मारले, गाठ दिली. मग थावराला हाक मारली. तो आणि वैजनाथराव धावत आले, खाली उभे राहिले, आणि बांनी पगडी हळूहळू सोडत दगड उतरवला. तो जमिनीला टेकला तेव्हा मी पत्र्यावरच रडायला लागले.

“वर काहून आलीस?” बांनी विचारलं. रागाने नाही.

“भ्या वाटलं, बा.”

त्यांनी पत्र्यावर हात फिरवला. दगडाच्या जागी गंजाचं तांबडं वर्तुळ पडलं होतं, मधे बोट जाईल एवढं भोक.

“मला बी वाटतंय,” म्हणाले. “लई वर्सं झाली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बांनी दगड काढायला घेतले. सगळ्यांचे. वैजनाथरावांनी शिवनगरमध्ये फिरून बांधकामं चालली होती तिथून सिमेंटच्या रिकाम्या गोण्या जमवल्या. मीच त्यांना म्हटलं होतं, पोत्यात वाळू भरून ठेवली तर? पडली तरी माणूस मरणार नाही. वैजनाथराव गोण्यांचा भारा पाठीवर घेऊन कमानीतून आत आले. तांड्यात ते दुकानासाठी जागा बघायला आले होते तेव्हाचे, त्यानंतर काल धावत आले ते, आणि आत्ता. बायकांनी नाल्यातली वाळू भरली. बा वर चढायचे, दगड सोडायचे, गोणी ठेवायचे, आणि तारेने बल्लीला आवळायचे. नारळ-गूळ काही नाही. दर दगडाबरोबर त्यांना जास्त वेळ लागायचा ते मला खालून दिसत होतं. थावरा म्हणाला, “दादा, बसा, मी करतो.” बा म्हणाले, “मी ठेवले, मीच काढनार.” आमचं घर त्यांनी शेवटी घेतलं. तोवर ऊन कलायला लागलं होतं आणि पश्चिमेला आभाळ मातकट झालं होतं.

वारं सुटलं तेव्हा बा नुकतेच खाली उतरले होते.

आधी लिंबाची पानं उलटी झाली. मग धूळ आली, समोरचं थावराचं घर दिसेना. मी दार लावलं. आणि पत्रा बोलायला लागला. वर-खाली, वर-खाली, श्वास घेतल्यासारखा. गोण्या दाबून धरत होत्या, पण दगडासारख्या नाही. कुठेतरी वाळू सांडल्याचा सर्र आवाज येत होता. मी दिपाला याडीच्या बाजेखाली कोंबलं आणि स्वतः बाजेला धरून बसले.

बा मधोमध उभे राहिले. वरच्या बल्लीवरून खाली लोंबणारं तारेचं टोक होतं, ते त्यांनी दोन्ही हातांना वेटाळून घेतलं आणि सगळं अंग खाली लोंबकळवलं. पत्रा उचलला की तेही टाचांवर उचलले जायचे. खाली आला की खाली. डोळे मिटलेले. ओठ हलत होते, पण वाऱ्यात काही ऐकू येत नव्हतं. बाहेर कुठेतरी पत्रा निसटल्याचा कर्कश आवाज झाला. त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी माणसाचा कधी ऐकला नव्हता. मी कान झाकून घेतले.

किती वेळ गेला, सांगता यायचं नाही. वारं कमी झालं. मग थांबलं. दाराच्या फटीतून पुन्हा ऊन दिसायला लागलं. थावरा बाहेरून ओरडला, त्याच्या फाटक्या पत्र्याचा तुकडा गेला होता, नाल्यात पडला, बाकी सगळं जागेवर, सगळी माणसं बराबर. बा तार सोडेनात. तारेने तळहात कापले होते, मनगटावरून रक्त कोपरापर्यंत आलं होतं, आणि ते तसेच लोंबकळत उभे होते, डोळे मिटून.

“सोडा आता,” याडी बाजेवरून म्हणाली.

ते हलले नाहीत.

“अवं, वारं गेलं. सोडा. पोरगी घरातच हाय.”

बांनी डोळे उघडले. तिच्याकडे बघितलं. लहान पोराने विचारावं तसं विचारलं, “कोन्ती?”

बाजेखाली दिपा हलली. याडीने हात खाली सोडून तिचं डोकं चाचपलं.

“दोगी बी,” ती म्हणाली.

तेव्हा त्यांनी तार सोडली आणि खाली बसले. वाऱ्याने गोणी सरकली होती, दगडाच्या जागच्या भोकातून उन्हाचा एक ठिपका याडीच्या छातीवर पडला होता, ती त्यावर हात ठेवून निजली होती. मी माठातलं पाणी घेऊन त्यांच्यापुढे तांब्या धरला. त्यांची बोटं मिटली होती ती उघडेनात. दिपाकडे तांब्या द्यायचं माझ्या मनातही आलं नाही. मी त्यांच्यासमोर बसले, उघड्या डोक्याने, आणि तांब्या त्यांच्या ओठांना लावला.

“बा,” म्हटलं, “पानी घ्या.”